व्यवसायातला संगणक आणि माहिती तंत्रज्ञान: सोलापुरातून वारंवार येणारे प्रश्न

बी.कॉम. आणि बीबीएच्या पहिल्या वर्षाची मुलं, चाटी गल्लीतले कापड व्यापारी, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले कारखानदार, बाजार समितीतल्या आडत दुकानांचे दिवाणजी... या सगळ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न विद्यार्थ्यांचे आहेत, पुढचे जास्त करून दुकानदारांचे. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे आला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आम्ही कॉमर्सचे. प्रोग्रॅमिंग करायचं नाही, मग हा पेपर कशाला?

चादरींचा एक गठ्ठा सोलापुरातून हैदराबादला निघतो तेव्हा काय काय होतं बघा. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, स्टॉकमधून माल कमी होतो, बिल निघतं, ई-वे बिल (माल वाहतुकीसाठीचं ऑनलाइन कागदपत्र) निघतं, ट्रान्सपोर्टवाला बिल्टी फाडतो, पैसे आरटीजीएसने येतात आणि महिन्याच्या शेवटी तोच व्यवहार जीएसटी रिटर्नमध्ये चढतो. व्यवहार एकच, नोंदी सहा-सात ठिकाणी. पहिल्याच ठिकाणी जीएसटी नंबरातला एक आकडा चुकला तर तिकडे हैदराबादच्या व्यापाऱ्याचं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) अडकतं आणि फोन तुम्हाला येतो.

प्रोग्रॅम तुम्ही लिहिणार नाही, हे बरोबर. पण नोंद कुठे जन्मते, कुठून कुठे जाते आणि वाटेत कुठे बिघडते, हे समजायलाच हवं. माझ्या मते या विषयाचा गाभा तोच आहे. बटणं दर दोन वर्षांनी बदलतात, त्यांच्या मागे लागू नका.

२. एमएस-सीआयटी झालंय. मग हे परत का शिकायचं?

एमएस-सीआयटी २००१ पासून चालू आहे आणि संगणक हाताळायला ती चांगली सुरुवात आहे. टायपिंग, फाइल, इंटरनेट, एक्सेलची तोंडओळख तिथे होते. इथे धंद्याची नोंद मध्यभागी असते. एमएस-सीआयटी झालेल्यांनी थेट प्रश्न ६ पासून वाचलं तरी चालेल.

३. डेटा आणि माहिती यांत फरक काय? परीक्षेत दरवेळी येतो, पण पाठ केलेली व्याख्या डोक्यात बसत नाही.

सोलापूरचा कांदा बाजार घ्या. शेतकऱ्याचं नाव, गोण्या किती, वजन किती, क्विंटलला भाव काय मिळाला, हमाली आणि तोलाई किती. आडत दुकानात दिवसभर अशा ओळीमागून ओळी लिहिल्या जातात. हा डेटा. त्यातून एका शेतकऱ्याच्या ओळी वेगळ्या काढून, बेरीज-वजाबाकी करून जी पट्टी त्याच्या हातात पडते, ती माहिती. ती बघून तो ठरवतो की उरलेला कांदा उद्या आणायचा की थांबायचं.

पण आता मालकाच्या बाजूने बघा. शेतकऱ्यासाठी माहिती असलेली ती पट्टी मालकासाठी दिवसभरातल्या असंख्य पट्ट्यांपैकी एक, म्हणजे पुन्हा डेटाच. त्याला हवं असतं ते वेगळं: या आठवड्यात आवक वाढली का, कोणत्या गावाकडून माल कमी झाला, कोणत्या खरेदीदाराकडे पैसे अडकलेत. म्हणजे डेटाची माहिती कधी होते, हे कोण बघतंय आणि त्याला काय ठरवायचंय यावर अवलंबून असतं. ‘प्रक्रिया केलेला डेटा म्हणजे माहिती’ एवढं लिहिलंत तर मार्क मिळतील, पण निर्णयाचा मुद्दा लिहिल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही.

ट्रँझॅक्शन प्रोसेसिंग सिस्टिम (रोजचे व्यवहार नोंदवणारी यंत्रणा) आणि एमआयएस (व्यवस्थापनाला माहिती पुरवणारी यंत्रणा) यांतला फरकही इथेच सुटतो. पट्टी बनवते ती पहिली, मालकाचा आठवड्याचा अहवाल देते ती दुसरी.

४. आमच्या मागावरच्या जॅकार्डच्या कार्डांचा आणि कॉम्प्युटरचा संबंध आहे, असं सर म्हणाले. हे खरं आहे का?

अगदी खरं आहे. पूर्व भागात ज्यांचं बालपण मागांच्या खडखडाटात गेलं, त्यांनी तर हा धडा सगळ्यात आधी वाचावा.

फ्रान्समधल्या जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केलं. नक्षीच्या प्रत्येक ओळीला पुठ्ठ्याचं एक कार्ड. कार्डात भोक असेल तिथे सुई आरपार जाते, तिचा हूक जागेवर राहतो आणि ताण्याचा (उभा) धागा वर उचलला जातो. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते, हूक सुटतो आणि धागा खालीच राहतो. मग बाणा (आडवा धागा) टाकला जातो आणि पुढचं कार्ड येतं. प्रत्येक जागी दोनच शक्यता: धागा वर किंवा धागा खाली. संगणकातला बिट हेच करतो, १ किंवा ०. मोराची चादर विणायची की फुलांची, हे माग बदलून ठरत नाही, कार्डांची माळ बदलून ठरतं. माग हे हार्डवेअर आणि कार्डांची माळ हे सॉफ्टवेअर, असं म्हटलं तर ती नुसती उपमा ठरत नाही, इतिहासच तसा आहे.

इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज यांनी १८३० च्या दशकात आखलेल्या ॲनालिटिकल इंजिनसाठी हीच कार्डं वापरायचं ठरवलं होतं. पुढे अमेरिकेत हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रांनी १८९० च्या जनगणनेचे आकडे भोकं पाडलेल्या कार्डांवरून मोजले. त्यांची कंपनी १९११ मध्ये इतर कंपन्यांत विलीन झाली आणि त्या कंपनीने १९२४ मध्ये नाव घेतलं आयबीएम. आता नवीन मागांवर इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड असतं. डिझाइन संगणकावर बनतं, फाइल मागाला दिली जाते, पुठ्ठा लागत नाही. धाग्याचं वर-खाली मात्र तेच.

५. दुकानासाठी कॉम्प्युटर घ्यायचाय. काय बघावं?

हिशेब आणि बिलिंगसाठी महागडं मशीन लागत नाही. पैसे एसएसडीवर (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवण करणारी डिस्क) घाला, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कपेक्षा मशीन कितीतरी चपळ चालतं. रॅम ८ जीबी ठेवा. रॅम म्हणजे काम चालू असताना वापरायची जागा, वीज गेली की ती रिकामी होते. साठवण कायमची असते ती एसएसडीवर.

आणि यूपीएस घ्याच. घरगुती इन्व्हर्टर आहे म्हणून बरेच जण टाळतात, पण इन्व्हर्टर चालू व्हायला जो क्षणभर वेळ लागतो तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडू शकतो. नेमकं त्याच वेळी व्हाउचर (व्यवहाराची नोंद) सेव्ह होत असेल तर हिशेबाची फाइल खराब होते.

६. टॅली, एक्सेल आणि ईआरपी यांत नेमकं काय निवडायचं?

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुहेरी नोंद पद्धत आधीपासून बांधलेली आहे, नावे आणि जमा जुळल्याशिवाय व्हाउचर पुढे जात नाही. एक्सेल तुम्हाला काहीही लिहू देतं. हीच त्याची ताकद आणि हाच त्याचा धोका. कोटेशन काढणं, दर बदलला तर नफा किती राहील हे पाहणं, कामगारांची हजेरी, यासाठी एक्सेल उत्तम. रोजचे हिशेब मात्र एक्सेलवर ठेवू नका.

ईआरपीत, म्हणजे सगळ्या विभागांच्या एकत्रित सॉफ्टवेअरमध्ये, खरेदी, सूत, उत्पादन, स्टॉक, पगार, विक्री हे सगळं एका डेटाबेसवर चालतं. सूत गोडाऊनमधून बाहेर पडलं की त्याची नोंद एकदाच होते आणि सगळ्या विभागांना दिसते. चार-सहा मागांच्या कारखान्याला ते परवडत नाही आणि गरजही नसते. निर्यात करणाऱ्या टॉवेल कारखान्याला किंवा मोठ्या गारमेंट युनिटला लागू शकतं. पण कागदावरची पद्धतच विस्कळीत असेल तर ईआरपीने ती सुधारत नाही, गोंधळ फक्त लवकर पसरतो. आधी चलन कोण लिहितो, कोण तपासतो, माल कोणाच्या सहीने बाहेर जातो, हे ठरवा.

७. एकाच व्यापाऱ्याची दोन-तीन खाती तयार झालीत. उधारी जुळतच नाही. काय करावं?

हा सोलापूरचा खास प्रश्न. इथे मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी माणसं एकाच बाजारात व्यवहार करतात आणि नावं टाइप होतात इंग्रजीत. एकच आडनाव सकाळी एक मुलगा एका स्पेलिंगने टाकतो, संध्याकाळी दुसरा वेगळ्या. कोणी आधी आडनाव लिहितो, कोणी दुकानाचं नाव. सॉफ्टवेअरला ही तीन वेगळी माणसं वाटतात. एका खात्यात बिल चढतं, दुसऱ्यात पैसे जमा होतात. मग ज्याने वेळेवर पैसे दिले त्याच्याच मागे वसुलीचा फोन जातो आणि जुनं गिऱ्हाईक दुखावतं.

पुस्तकात ज्याला प्रायमरी की म्हणतात तिचं काम इथे कळतं. प्रत्येक ग्राहकाची एक अशी ओळख हवी जी दुसऱ्या कोणाची नसेल आणि बदलणार नाही. नाव चालत नाही, कारण नावं सारखी असतात. मोबाइल नंबरही पक्का नाही, तो बदलतो आणि बाप-लेक एकच नंबर देतात. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यासाठी जीएसटी नंबर (प्रश्न ८), बाकीच्यांसाठी तुमचा स्वतःचा ग्राहक क्रमांक. नवीन खातं उघडण्याची परवानगी दुकानात एकाच माणसाकडे ठेवा. जुनी दुहेरी खाती एकत्र करायची असतील तर आधी बॅकअप (प्रश्न १३), मग दोन्ही खात्यांचे उतारे छापून समोरच्याशी ताळा, आणि त्यानंतरच एकत्रीकरण.

८. जीएसटी नंबर बरोबर आहे की नाही हे बघून ओळखता येतं का?

बरंचसं येतं. एकूण १५ जागा. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचा २७. पुढच्या दहा जागा म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. तेरावी जागा त्याच पॅनवर त्या राज्यातली कितवी नोंदणी ते सांगते, चौदाव्या जागी सहसा झेड असतं आणि पंधरावं चिन्ह पडताळणीचं, म्हणजे आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेलं. पॅनमधलं चौथं अक्षरही बघा: व्यक्तीसाठी पी, भागीदारी फर्मसाठी एफ, कंपनीसाठी सी. समोरचा ‘प्रायव्हेट लिमिटेड’ म्हणतोय आणि चौथं अक्षर पी आहे, तर विचारा.

यातून एवढंच कळतं की नंबरची बांधणी बरोबर आहे. नोंदणी रद्द झालेली असली तरी नंबर तसाच दिसतो. त्यामुळे नव्या गिऱ्हाइकाचा नंबर जीएसटी पोर्टलवर एकदा शोधून, नाव आणि ‘ॲक्टिव्ह’ ही स्थिती दोन्ही बघायचं.

९. एक्सेलमध्ये बँकेचा खाते क्रमांक टाकला की शेवटचा आकडा शून्य होतो. व्हायरस आहे का?

व्हायरस नाही. एक्सेल संख्या १५ अर्थपूर्ण अंकांपर्यंतच धरून ठेवतं. १६ अंकी खाते क्रमांक टाकलात तर सोळावा अंक शून्य होतो, कोणतीही सूचना येत नाही. सुरुवातीची शून्यंही गळतात. आणि १२ किंवा जास्त अंक असतील तर मधे ई आणि अधिकचं चिन्ह असलेली विचित्र संख्या दिसते. त्यात १५ पर्यंतचे अंक आत शाबूत असतात, दिसणं फक्त वेगळं.

मूळ गोष्ट अशी की खाते क्रमांक ही संख्याच नाही. त्याची बेरीज कोणी करत नाही. तो मजकूर आहे. म्हणून टाइप करण्याआधी तो स्तंभ ‘टेक्स्ट’ करा. नंतर करून उपयोग नाही, गेलेला अंक परत येत नाही. पगाराची यादी बँकेला पाठवण्याआधी प्रत्येक खाते क्रमांक पासबुकाशी ताडून बघा.

यातही एक अपवाद आहे. बँकेकडून किंवा सॉफ्टवेअरमधून आलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी तोडलेली साध्या मजकुराची यादी) नुसती डबल क्लिक करून उघडली तर एक्सेल तेच नुकसान पुन्हा करू शकतं. ती ‘डेटा’ मेनूतून आत घ्या आणि घेताना तो स्तंभ टेक्स्ट निवडा. तारखांचंही तसंच. ०५/०७ म्हणजे ५ जुलै की ७ मे, हे कॉम्प्युटरच्या प्रादेशिक सेटिंगवर ठरतं. एखादी यादी उघडल्यावर १२ तारखेनंतरच्याच तारखा डावीकडे सरकलेल्या दिसल्या तर हाच घोटाळा समजा.

१०. छापखान्यातून आलेलं मराठी पत्रक आमच्या कॉम्प्युटरवर उघडलं की भलतीच चिन्हं दिसतात. का?

जुन्या डीटीपी फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर मराठी आकार बसवलेले असतात. तो फाँट तुमच्याकडे नसला की खालची मूळ चिन्हं उघडी पडतात. युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी जागतिक पद्धत) देवनागरीला, तेलुगूला आणि कन्नडला स्वतःचे वेगळे क्रमांक आहेत, त्यामुळे फाँट कोणताही असो, ‘क’ हा ‘क’च राहतो. तिन्ही लिप्या एकाच बिलावर छापता येतात, नाव शोधता येतं, क्रमाने लावता येतं. छपाईपुरतं पत्रक असेल तर पीडीएफ मागवा. ग्राहकांची यादी मात्र युनिकोडमध्येच ठेवा.

११. ई-इनव्हॉइस आम्हाला लागू आहे का? आणि ते पोर्टलवर जाऊन बनवायचं असतं का?

२०१७-१८ पासून कोणत्याही एका वर्षात उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत व्यापाऱ्यांना केलेल्या विक्रीवर ते लागू आहे. सूट मिळालेले काही वर्ग वेगळे. यंदा उलाढाल कमी झाली म्हणून सुटका होत नाही, इथेच बरेच जण चुकतात. किरकोळ ग्राहकाच्या बिलाला ते लागत नाही.

बिल तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये बनतं. त्याचा ठरावीक साच्यातला डेटा सरकारी नोंदणी पोर्टलकडे जातो, तिथून एक विशिष्ट क्रमांक आणि सही केलेला क्यूआर कोड परत येतो. दोन अनोळखी सॉफ्टवेअरना एकमेकांचं कळावं म्हणून साचा आधी ठरवून घेतात, याचं हे रोजच्या व्यवहारातलं उत्तम उदाहरण. ई-वे बिल वेगळं: राज्याबाहेर ५० हजारांच्या वर, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर. मर्यादा बदलतात, सीएंना विचारून घ्या.

१२. बारकोड ८९० ने सुरू होत असेल तर माल भारतीय, हे खरं का?

नाही. ८९० चा अर्थ एवढाच की त्या कंपनीने बारकोड क्रमांक जीएस१ इंडिया या क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून घेतला आहे. माल कुठेही बनलेला असू शकतो.

शेवटच्या अंकाचं गणित मात्र करून बघण्यासारखं आहे. ८९०१२३४५६७८९ हे बारा अंक घ्या. विषम जागांची बेरीज २८. सम जागांची ३४, तिला ३ ने गुणा, १०२. एकूण १३०. पुढची दहाच्या पटीतली संख्या गाठायला ० लागतो, म्हणून तेरावा अंक ०. टाइप करताना एक अंक चुकला तर हे गणित हमखास पकडतं. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा पकडतं, फक्त त्या दोन अंकांत ५ चा फरक असेल (जसे २ आणि ७) तर सुटतं.

१३. रोज पेनड्राइव्हवर बॅकअप घेतो. पुरेसं आहे ना?

पेनड्राइव्ह कॉम्प्युटरलाच लावून ठेवलेला असेल तर नाही. रॅन्समवेअर (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलं तर दोन्हीकडच्या फाइल एकदमच कुलूपबंद होतात, आणि आग किंवा चोरीत दोन्ही एकत्र जातात. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुकानाबाहेर, हा जुना नियम अजूनही चोख आहे. एक प्रत मालकाच्या घरी गेली तरी पुष्कळ.

‘आमचं सगळं क्लाउडवर आहे’ असं सांगणाऱ्यांनी नीट ऐका. फोल्डर सिंक होणं म्हणजे बॅकअप नव्हे. इथे फाइल पुसली की तिकडचीही पुसली जाते. जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात ते बघून ठेवा. आणि महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, तो उघडत नसेल तर घेतलेला बॅकअप कामाचा नाही.

१४. काउंटरवरच्या क्यूआरमध्ये काय घोळ होऊ शकतो?

तुमच्या स्टिकरवर कोणी दुसरं स्टिकर चिकटवू शकतं. सकाळी दुकान उघडल्यावर स्वतः एक रुपया पाठवून नाव तपासा. गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल लावणाऱ्यांनी तर दर दोन-तीन तासांनी. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचा हिरवा पडदा पुरावा धरू नका, स्वतःच्या खात्यात रक्कम दिसली पाहिजे. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. कोणी ‘पैसे पाठवतोय, पिन टाका’ म्हणालं तर फोन ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त.

१५. चुकलेलं व्हाउचर डिलीट केलं तर चालतं का? सगळे एकाच पासवर्डवर काम करतो.

तुमची कंपनी असेल, मग ती कितीही लहान असो, तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. मालकी हक्काचं दुकान किंवा साधी भागीदारी यांना तो नियम लागू नाही. तरीही एडिट लॉग (ही बदलांची नोंद) चालूच ठेवा, आणि चूक पुसण्याऐवजी उलट नोंद करून दुरुस्त करा.

एका पासवर्डवर सगळे असतील तर लॉगला अर्थच उरत नाही, प्रत्येक ओळीवर एकच नाव येतं. रक्कम कमी निघाली की संशय सगळ्यांवर जातो, आणि सगळ्यात जास्त जातो तो नव्या मुलावर. वेगळे पासवर्ड हे प्रामाणिक नोकराचं संरक्षण आहे.

१६. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर सगळेच वापरतात. काय होतं?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३बी नुसार जाणूनबुजून वापर केल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. क्रॅक फाइलमधून रॅन्समवेअर येतं ते वेगळंच. पैसे नसतील तर लिबरऑफिस मोफत आणि कायदेशीर आहे, मराठीतही चालतं.

१७. जुना कॉम्प्युटर विकायचाय. त्यातला हिशेब किती वर्षं ठेवायचा आणि पुसायचा कसा?

जीएसटीचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. एखादं अपील किंवा चौकशी चालू असेल तर ती संपल्यावर आणखी एक वर्ष, किंवा ते ७२ महिने, यांतलं जे उशिरा संपेल तोपर्यंत. नुसती डेटा फाइल जपून भागत नाही, ती उघडणारी सॉफ्टवेअरची आवृत्तीही हवी. म्हणून मशीन बदलताना जुना डेटा नव्या आवृत्तीत घेऊन उघडून बघा आणि महत्त्वाच्या खातेवह्या पीडीएफ करून ठेवा.

पुसण्याबद्दल: फाइल डिलीट केली की यादीतून फक्त तिचं नाव जातं, मजकूर तिथेच असतो. साध्या, झटपट फॉरमॅटनेही तेच. फिरत्या हार्ड डिस्कवर पूर्ण पुनर्लेखन करावं लागतं, एसएसडीला कंपनीच्या साधनातलं ‘सिक्युअर इरेज’ वापरावं लागतं. यातलं काही जमत नसेल तर मशीन विका आणि डिस्क काढून स्वतःकडे ठेवा.